टाचेमागची शीर

बन्सी भिंगारदिवेंनी बर्फाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि इन्सुलिनची बाटली धरलेला त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

सकाळी गेलेली लाईट अजून आली नव्हती. शेजारच्या फ्रिजचा उपयोग नव्हता, आणि माठाखालच्या ओल्या वाळूवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. लेक काल पुण्याहून आली ती हा निळा डबा घेऊन, सोनईत उतरून तो बर्फाने भरूनच. एवढ्याशा बाटलीला कितीशी जागा लागते, म्हणून त्यांनी न विचारता झाकण उचललं होतं.

बर्फात एक पाय होता. पारदर्शक पिशवीत गुंडाळलेला, वासराचा मागचा पाय. काळे-पांढरे केस अजून ओले होते. खूर पिवळट आणि मऊ होता, जमिनीला एकदाही न लागलेला.

बन्सींना दरदरून घाम फुटला. साखर उतरली की फुटतो तसला वाटला, म्हणून ते आधी ओट्यावर टेकले. पण तो तसला नव्हता. हातपाय कापत नव्हते, भूकही नव्हती. 

"प्रज्ञा."

त्यांनी पुन्हा हाक मारली तेव्हा ती मोरीतून हात पुसत आली. दारातल्या तारेवर तिचा पांढरा अ‍ॅप्रन वाळत होता, त्यावरचे डाग नीट निघाले नव्हते. ते डाग चहाचे असावेत असं बन्सींनी मघाशी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

"ह्ये काय हाय?"

"आबा, हात नका लावू त्याला. नमुना आहे, खराब होईल." तिने घाईने झाकण लावलं. तिचा चेहरा नुसता उजळला होता, लहानपणी पहिला नंबर आला की उजळायचा तसा. "शेट्यांच्या गाईच्या पोटातलं वासरू गेलं होतं. त्यांच्या योगेशने मला परवाच फोन केला. आज पहाटे डॉक्टरांनी बाहेर ओढून काढलं आणि मी अर्ध्या तासात पोचले. आमच्या मॅडम दोन महिने म्हणत होत्या, जन्मायच्या आधी गेलेलं, रोग नसलेलं वासरू मिळालं तर बघ. आणि ते मिळालं कुठे, तर आपल्याच गावात!"

"तू सोता कापलंस?"

"हातमोजे घातले होते की."

"कोन कोन हुतं तितं?"

"योगेश, छबूकाकू, डॉक्टर, दोन गडी. का?"

बन्सींनी एकेक नाव ऐकलं आणि प्रत्येक नावाला त्यांचे डोळे मिटले. 'का' म्हणून विचारते! एम.एस्सी. झालेली, पीएच.डी. करणारी, इंग्रजीत कागद लिहिणारी मुलगी बापाला विचारते, का म्हणून.

पण तिचा तरी काय दोष होता? छप्पनच्या साली बन्सी बारा वर्षांचे होते. त्यांचे वडील सहादेव आणि वस्तीतली सगळी माणसं चावडीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, आजपासून गावातलं मेलेलं ढोर आम्ही ओढणार नाही. त्या महिन्यात गावात एक बैल मेला तो चार दिवस पडून राहिला, आणि वस्तीला दोन महिने गिरणीतून दळण मिळालं नाही. माणसांनी कण्या शिजवून खाल्ल्या पण कुणी मागे फिरलं नाही. प्रज्ञाने हे चौदा एप्रिलच्या भाषणांत ऐकलं होतं, पण भाषणात सगळंच मोठमोठं असतं. बारीकसारीक गोष्टी बन्सींनी घरात कधी निघूच दिल्या नाहीत. साखर कारखान्यात फिटर होऊन त्यांनी पोरीला शिकवलं, आणि वाईट गोष्टी पोरांच्या कानावर घालायच्या नाहीत हा स्वतःपुरता कायदा केला. कायदा चांगला होता, आणि तोच आज असा अंगाशी आला.

एवढ्यात प्रज्ञाची आई भागिरथी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात प्रज्ञाच्या ओढणीचं गाठोडं होतं.

"ही बाजरी कशाची गं? दळनात घालू का?"

"घाल की. छबूकाकूंनी दिली," प्रज्ञा म्हणाली. "नको नको म्हणत होते, तरी दिली. किती प्रेमळ आहेत."

बन्सी उठून उभे राहिले. डाव्या पायाचा अंगठा दिवाळीत नगरच्या दवाखान्यात काढला होता आणि तळव्याची जखम आठ महिने भरत नव्हती. तो पाय एकदम टेकला तरी त्यांना कळलं नाही.

"कशात दिली?"

"म्हणजे?"

"हातात दिली, का वरनं वतली?"

"सुपातून ओतली. मी ओढणी धरली." प्रज्ञाचा आवाज आता बारीक झाला होता. "आबा, काय झालं?"

"आदी बाजरी दिली का आदी कापलंस?"

"कापून झाल्यावर. मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, थांब, रिकामी जाऊ नको."

भागिरथींनी गाठोडं एकदम खाली ठेवलं, चटका बसल्यासारखं. त्यांनाही कळलं होतं. घरात फक्त एकाच माणसाला कळलं नव्हतं आणि ते माणूस सर्वांत जास्त शिकलेलं होतं.

"ढोर उचललं की सूपभर धान्य," बन्सी म्हणाले. "ही शेट्यांच्या घरची रीत. माज्या आज्याला मिळायचं, माज्या बापाला मिळायचं. बेचाळीस वर्सं झाली बंद हून. आज तू ते वटीत घिऊन आलीस."

प्रज्ञाने तोंडावर हात ठेवला. बोटांना साबणाचा वास येत होता आणि त्याखाली दुसराही एक वास होता. तिने हात खाली घेतला. 

"गाठुडं घे," बन्सी म्हणाले. "डबा बी घे. चल."

शेट्यांची वस्ती ओढ्यापलीकडे, चालत दहा मिनिटांवर. बन्सींना आज वीस लागली. प्रज्ञाने दोनदा म्हणून पाहिलं की पाय दुखेल, मी एकटी जाऊन देऊन येते. त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही बाजूंना ऊसतोड चालू होती आणि बैलगाड्यांना वाट देत बापलेक बाजूच्या मातीतून चालत होते.

अर्ध्या वाटेत बन्सींनी विचारलं, "कशाला लागतंय ते तुला?"

ती मान खाली घालून सांगू लागली. टाचेमागची शीर म्हणजे मांस हाडाला बांधणारी पांढरी दोरी, तिच्यातून एक पदार्थ निघतो. थंड असताना तो पाण्यासारखा पातळ असतो, अंगाच्या उबेला आला की खरवसासारखा थिजतो. तान्ह्या जनावराचा असला तर चांगला विरघळतो. तो थिजायच्या आधी त्यात जीन मिसळायचा आणि जखमेवर ओतायचा. जखमेच्या कडेच्या पेशी त्या खरवसात शिरतात, त्यातला जीन उचलतात आणि जखम भरायचं औषध आपलं आपणच तयार करायला लागतात.

"म्हंजी औषद द्यायचं न्हाई," बन्सी म्हणाले. "औषद करायची रीत द्यायची."

"हो." तिने चमकून वर पाहिलं. मॅडमना हे समजावून सांगताना तिला तीन पानं लागली होती. "तेच."

"कुनाच्या जखमेवर?"

"सध्या सशांच्या कानावर."

"आन माज्या पायावर?"

"नाही आबा. माणसांवर चालत नाही अजून. दहा वर्षं, पंधरा वर्षं... जमलं तर." ती थोडी थांबली. "पण विषय तुमच्या पायामुळेच घेतलाय."

बन्सींनी नुसता पाय उचलून पुढे टाकला.

शेट्यांच्या अंगणात योगेशची आई छबूबाई उन्हाला बसल्या होत्या. पासष्टीच्या बाई, पण नजर खणखणीत. बन्सींना फाटकातून आत येताना पाहून त्या उठल्याच. बन्सी या अंगणात आले त्याला किती वर्षं झाली हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ये की बन्सी. पोरगी लई हुशार निगाली रं तुजी. डाक्टर बी तोंडात बोट घालून बगत हुता."

"बाजरी परत आनलीय," बन्सी म्हणाले.

"आँ? का रं?"

"कशाची दिली ती?"

"आता कशाची म्हंजी? पोर इतक्या वर्सांनी दारात आली. वटी भरली आसं समज."

"वटी आत बोलवून भरत्यात, छबूबाई. पाटावर बशीवत्यात." बन्सींचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "ही तुमी गोठ्यात वतली. सुपातनं, वरनं, मेलेल्या वासराच्या पायापाशी."

छबूबाईंचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी एकदा गाठोड्याकडे पाहिलं, एकदा प्रज्ञाकडे, आणि मग स्वतःच्या हातांकडे. रंग उतरत जाणं काय असतं ते प्रज्ञाने त्या चेहऱ्यावर पाहिलं.

"आगं माजे आये," त्या हळूच म्हणाल्या. "माज्या ध्यानातच न्हाई आलं रं. नवी नवरी हुते तवा सासूबाई घालायच्या, ते बगितलेलं. ही उठून निगाली आन हात आपसूक बाजरीच्या कनगीत गेला. दिवा लागनीला हात जोडावं तसा." त्या मटकन खाली बसल्या. "बेचाळीस वर्सांनी."

त्यांनी हे मुद्दाम केलं असतं तर बन्सींना भांडता तरी आलं असतं. वाटेत त्यांनी सगळं भांडण तयार करून आणलं होतं, शब्द न् शब्द. आता समोर एक म्हातारी स्वतःच्याच हातांना घाबरून बसली होती, आणि त्या भांडणाचं काय करावं हे त्यांना कळेना.

"पदर धरा," ते शेवटी म्हणाले.

छबूबाईंनी बसल्या जागी पदर पसरला. बन्सींनी गाठ सोडली आणि बाजरी ओतली. थोडी बाहेर सांडली, ती टिपायला कोंबड्या आल्या. गोठ्याच्या दारात योगेश उभा होता, त्याच्यामागे दोन गडी. 

"आन ह्ये बी." बन्सींनी लेकीच्या हातातला डबा घेऊन खाली ठेवला.

"आबा!" प्रज्ञाचा बांध फुटला. "बाजरी चुकली, मान्य. मला कळलं नाही, त्याची शिक्षा द्या. पण हे काम आहे माझं. आता पुन्हा असं वासरू कधी मिळायचं? सगळं सहा महिने मागे जाईल."

"जाऊ दे. माज्या घरातनं ह्ये जानार न्हाई."

योगेश पुढे आला. सोनईच्या हायस्कुलात तो आणि प्रज्ञा एका वर्गात होते. गोठ्यातल्या बारा संकरित गाईंचं तोच बघायचा. त्याने खाली मान घालून डबा उचलला, पिशवी बाहेर काढली आणि ओल्या गोणपाटाखाली वासरू झाकलं होतं तिकडे चालला. गोणपाट उचललं तेव्हा बन्सींची नजर नको नको म्हणत तिकडे गेली. आणि तिथेच खिळली.

"ह्ये असं कापलंस?"

प्रज्ञाने डोळे पुसत पाहिलं. "हो."

"आसं कापत्यात व्हय गं?"

प्रश्न सुटला आणि बन्सी स्वतःच दचकले. पण सुटला तो सुटला. ते दोन पावलं पुढे गेले. "आडवाच तोडलास की. निम्मी शीर वर मांसात राहिली, निम्मी खाली फाटली. दोन बोटांचा तुकडा हाती आला आसंल. त्येचं काय करनार, दात कोरनार?"

प्रज्ञा वडिलांकडे बघत राहिली. कारखान्यातल्या पाइपांचं, बॉयलरचं बोलताना त्यांचा असा आवाज तिने ऐकला होता. या कामाचं बोलताना ऐकू येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

"मग कशी काढायची, काका?" योगेशने विचारलं. सकाळी प्रज्ञाकडून गोठ्यातच राहिलेलं पातं त्याने आधीच हातात घेतलं होतं. "अजून तीन पाय आहेत."

"मी हात लावनार न्हाई."

"तुम्ही नकाच लावू. तुम्ही सांगा, मी कापतो."

"योग्या, तू?" छबूबाई ओरडल्याच. "आरं, गडी हायेत ना?"

"वासरू आपलं आहे ना आई? मग कापीन मी."

त्याने ओसरीवरची प्लॅस्टिकची खुर्ची आणून वासरापाशी ठेवली. बन्सी कितीतरी वेळ खुर्चीकडे बघत उभे होते. मग पाठीमागे बांधलेले हात न सोडता ते बसले.

"पयलं कातडं उभं चिर. आडवं न्हाई, उभं. टाचंपासनं वर." त्यांनी उजवा पाय डाव्या मांडीवर घेतला आणि स्वतःच्या टाचेमागे बोट ठेवलं. "हितनं सुरू. हितं वर पोटरीच्या मांसात ती पातळ होत जाती, थितवर जायचं. मदी थांबायचं न्हाई. आता पातं बाजूला ठेव. बोटं घाल. शीर कवाबी बोटांनी मोकळी करायची, पात्यानं न्हाई. पातं लागलं की फाटती."

योगेशची बोटं अडखळत होती. एक गडी फिस्सकन हसला आणि कुणी काही म्हणायच्या आधीच गप्प झाला. छबूबाई भरल्या पदराने तशाच बसून होत्या, मुलगा मेलेल्या वासरापुढे उकिडवा बसलाय आणि बन्सी खुर्चीवर बसून त्याला शिकवतोय हे त्यांच्या डोळ्यांना पटत नव्हतं. पण प्रज्ञाचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं, योगेशच्या हाताकडेही नव्हतं. ती वडिलांची बोटं पाहत होती. मांडीवर ठेवलेली ती बोटं योगेशच्या बोटांबरोबर हलत होती, त्याच्या आधी वळत होती, कुठे अडेल ते त्याच्या आधी ओळखून थांबत होती. एकदा तो हात पुढे गेलाच. वीतभर गेला असेल. बन्सींनी तो मागे घेतला आणि मांडीखाली घालून त्यावर बसले.

"आता ताण दे. लई न्हाई. हां. वर जिथं तांबडं लागतंय, थितं काप."

शीर अख्खी निघाली. पांढरीशुभ्र, चकचकीत, कुठे एक ओरखडा नाही. प्रज्ञाने पिशवी पुढे धरली. प्रयोगशाळेत दोन वर्षांत इतका स्वच्छ तुकडा तिने पाहिला नव्हता. मग पुढचे दोन पाय झाले. तिथली शीर नळीच्या हाडामागे असते, ती कशी सोडवायची तेही बन्सींनी स्वतःच्या हाताच्या मनगटावर दाखवलं. तिसऱ्या पायाला योगेशची बोटं अडखळायची थांबली होती.

"डबा घरात आनायचा न्हाई," बन्सी उठताना म्हणाले. "हितनंच फाट्यावर जायाचं. आईला सांगतो, तुजी पिशवी घिऊन यील."

भागिरथी पिशवी देऊन, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून परत गेल्या. पुढची एसटी यायला अवकाश होता. फाट्यावरच्या दगडावर बापलेक बसले, मध्ये तो निळा डबा होता. रसवंतीवाल्याच्या घुंगरांचा आवाज येत होता. 

"आजोबांनी शिकवलं तुम्हाला?"

"व्हय. धा वर्सांचा आसंल मी. चामडं शिवायला लागायची ती शीर."

"एवढंसं पोर," ती म्हणाली. तिला खरंच भरून आलं होतं. "किती वाईट वाटत असेल तेव्हा."

बन्सींनी दुखरा पाय लांब केला. 

"मला आवडायचं ते," ते म्हणाले.

प्रज्ञाने मान वळवली.

"लई आवडायचं. आख्ख्या वस्तीत माज्यासारकी शीर कुनाला निगत न्हवती. मानसं बलवायला यायची, सहादेवाचं पोरगं कुटंय म्हनून. वास यायचा, गावातली पोरं लांब पळायची, ते समदं हुतंच. पन आत बोट घातलं की मला दिसायचं, कुटनं काय जातंय ते." त्यांनी डब्यावरची माती बोटाने पुसली. "चावडीपुढं शपथ घेतली त्या दिवशी म्हातारा ढसाढसा रडला, आनंदानं. मी बी रडलो. त्याला वाटलं, पोरगं बी आनंदानंच रडतंय. मी तसंच वाटू दिलं."

वळणावर एसटी दिसली तेव्हा हात बन्सींनीच केला. प्रज्ञाला ते सुचलंच नाही.